ओळी जुळल्या होत्या

पेणच्या गुरुजींच्या हातून धवले हरवले, असं खाडीकाठच्या त्या गावात आजही सांगतात. ते खरं नाही. धवले माझ्या हातून गेले. रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या माझ्या घरी, एका रविवारी जेवण झाल्यावर, आणि त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. गुरुजी आता नाहीत. मी आहे, म्हणून लिहितो आहे.

धवला म्हणजे आगरी लग्नात विधी चालू असताना म्हणायचं लांब गाणं. हळदीचा वेगळा, तेलाचा वेगळा, मांडवाचा वेगळा. ते म्हणणारी बाई ती धवलारीण. त्या गावची धवलारीण तेव्हा सत्तरीला आली होती. मिठागरात राबून तिच्या टाचा पांढऱ्या पडल्या होत्या आणि आवाज मात्र तसाच होता, असं गुरुजी सांगायचे. गुरुजी त्याच गावच्या शाळेतून निवृत्त झाले होते. तिचे धवले लिहून घ्यायचे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. पण तिची एक अट होती. लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. म्हणजे घरी बसून सांगणं नाही. मग गुरुजी दोन लग्नसराया वही घेऊन मांडवात जात. मेढीला, म्हणजे मांडवाच्या खांबाला, टेकून मागे बसत, जमेल तेवढं उतरवत, राहिलेलं पुढच्या लग्नात भरत. लोक त्यांना हसत. "गुरुजी, वऱ्हाडी कुणाकडचे, पोराकडचे की पोरीकडचे?" ते म्हणत, "वहीकडचा."

पुढे त्या वह्या त्यांनी पेणमधल्या एका टायपिंगच्या दुकानात बसून स्वतः टाइप केल्या. दोन बोटांनी. मग एका पावसाळ्यात नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. टाइप केलेलं फक्त तीन फ्लॉप्यांवर होतं आणि त्या वरच्या कपाटात होत्या, म्हणून वाचल्या. त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते एस.टी.ने रोह्याला माझ्याकडे आले.

माझ्याकडे येण्याचं कारण, मी धाटावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होतो. युनिक्सवर काम करत आयुष्य गेलं, घरीही लिनक्स. गुरुजी मला नावाने कधी हाक मारत नसत.

"काय कंपनी, शिफ्ट कुठली?" ते दारातूनच म्हणाले. "हे धवले दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिसतात, दुसरीकडे नुसती इंग्रजी भुतं नाचतात. ते कुठेही वाचता येतील असे करून द्या. आता काहीतरी नवीन पद्धत आलीये म्हणे."

"युनिकोड," मी म्हणालो. "एका दुपारचं काम आहे."

हे मी म्हणालो होतो. एका दुपारचं काम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे त्या साध्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. ज्याने लिहिली त्याला ते माहीत असतं. युनिक्सवर 'फाइल' नावाची आज्ञा आहे, ती फाइल पाहून अंदाज सांगते. अंदाजच, खात्री नाही. जुन्या काळी इंग्रजीसाठी शून्य ते एकशे सत्तावीस एवढेच आकडे ठरलेले होते, त्याला आस्की म्हणतात. मराठीच्या दुकानी फॉन्टवाल्यांनी काय केलं, तर त्याच्या वरचे, दोनशे पंचावन्नपर्यंतचे आकडे घेतले आणि त्यांवर आपापल्या मनाने क, ख, ग बसवले. काही काने-मात्रा मात्र खालच्या आकड्यांवर ठेवल्या. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. तो तक्ता हातात घेऊन आकड्यागणिक अक्षर बदलायचं, हे खरं काम होतं. दुकानदाराने गुरुजींजवळ तक्त्याची झेरॉक्सही दिली होती. ती मी टेबलाच्या खणात ठेवली. मला वाटलं, आधी फाइल साफ करून घेऊ.

कंपनीत आमचं रोजचंच होतं ते. मशीनकडून येणाऱ्या फाइलींत मधेमधे कचरा यायचा. आम्ही 'आयकॉन्व्ह' ही आज्ञा चालवायचो. ती विचारते, आलेली फाइल कोणत्या संकेतातली, जाणारी कोणत्यातली हवी. आम्ही लिहायचो, आस्कीतून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराचा आकडा जगभर एकच, त्या युनिकोडच्या रूपात. कचऱ्यापाशी ती अडून बसायची, म्हणून तिच्यापुढे आडवी रेघ देऊन 'सी' लावायचो. त्याचा अर्थ, जे कळत नाही ते गाळून टाक, तक्रार करू नको. मग शिफ्ट सोडण्याआधी 'डब्ल्यूसी' ही मोजणीची आज्ञा लावून ओळी मोजायच्या. आधीच्या किती, नंतरच्या किती. जुळल्या, की रजिस्टरवर सही आणि घरी. "ओळी जुळल्या?" हा आमच्याकडे शिफ्ट बदलताना राम रामसारखा प्रश्न होता.

त्या रविवारी माझ्या बोटांनी तेच केलं. आस्कीतून यूटीएफ-८. पहिल्याच ओळीत आज्ञा अडली. न समजणारा क्रम आहे म्हणाली. बरोबरच म्हणाली. ते 'क' असेल किंवा 'ह', मला माहीत नाही. मी 'सी' लावला. तक्रार थांबली. ओळी मोजल्या. जुळल्या. एकही ओळ कमी नाही. मग नवी फाइल जुन्या नावाने जुन्यावरच लिहिली, आणि गुरुजींना सोयीचं म्हणून त्याच तीन फ्लॉप्यांवर परत उतरवली. बाइट मोजायला त्याच आज्ञेत एक अक्षर बदलावं लागतं. ते मी बदललं नाही. बदललं असतं तर फाइल अर्ध्याहून लहान झालेली दिसली असती.

चहा झाल्यावर खणातून तक्ता काढला आणि बदलायला बसलो. बदलायला काही नव्हतं. एकशे सत्तावीसच्या वरचं सगळं गेलं होतं. सगळी व्यंजनं. राहिले होते काने, मात्रा, अनुस्वार आणि शब्दांमधल्या रिकाम्या जागा. ओळीमागून ओळ, कडवं संपलं की एक ओळ सोडलेली, गुरुजींनी घातलेले कडव्यांचे आकडे जागच्या जागी. घर उभं आणि माणूस एक नाही.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का गुरुजींचं?" मी म्हणालो, "झालं."

पुढच्या आठवड्यात गुरुजी आले. मी त्यांना सांगितलं की फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. कोकणातल्या हवेत लागते, हे सगळ्यांना माहीत होतं. ते खोटं नव्हतं, त्यांच्या फ्लॉप्यांना लागली नव्हती एवढंच. बुरशीवाली फ्लॉपी घातली की यंत्राचं डोकं खराब होतं, म्हणून मी त्या टाकून दिल्या, असंही म्हणालो. माझ्या तोंडून हे इतकं व्यवस्थित आलं, की माझं मलाच पटलं.

गुरुजी बराच वेळ पिशवीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "चूक माझीच हो. पावसाळाभर कपाटात ठेवायला नको होत्या. त्या भिंतीला ओल आहे, मला माहीत होतं."

मी म्हणालो, "होतं असं."

त्यानंतर ते दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिले. पूल ओलांडून चालत, छत्री काखेत. इकडचं तिकडचं बोलून झालं की उठता उठता एकदा म्हणत, "कपाटात ठेवायला नको होत्या." दर वेळी. मी वाट पाहायचो की या खेपेला विसरतील. त्यांच्या बायकोने, मी त्यांना वहिनी म्हणतो, एकदा सांगितलं की त्यांनी कपाटात विजेचा दिवा बसवून घेतलाय. ओल मारायला लोक पावसाळ्यात कपाटात लावतात तसा. पण यांचा बारा महिने चालू. आत ठेवायला आता काही नाही, तरी चालू.

गावात ते सांगायला गेले होते, हे मला नंतर कळलं. धवलारणीने गावभर सांगितलं की गुरुजीने माझे धवले बुडवले. कुणी म्हणालं बुडवले नाहीत, पुण्याच्या माणसाला देऊन टाकले. त्या गावातून त्यांना लग्नाचं बोलावणं येईनासं झालं. ज्या गावची दोन पिढ्यांची पोरं त्यांनी शिकवली, त्या गावचं. पुढे धवलारीण वारली. मग गुरुजी वारले. त्यांच्या दहाव्याला पेणला जाताना बस गडबला थांबली. खिडकीशेजारच्या औषधाच्या दुकानावर दिव्यांची नवीन सरकती पाटी होती, आणि तिच्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं सरकत होती. दुकानदार खाली बसून पेपर वाचत होता. मी मान दुसरीकडे वळवली. तेव्हापासून तसले चौकोन कुठेही दिसले की मी मान वळवतो. तिकिटावर, फोनवर, बँकेच्या पासबुकावर. काळ्या चौकटीतलं ते प्रश्नचिन्ह. मला वाटतं की मलाच विचारतंय.

ती रिकामी फाइल मात्र मी पुसली नव्हती. कॉम्प्युटर चार बदलले, प्रत्येक वेळी ती सोबत आणली आणि उघडली एकदाही नाही. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला परवानगी दिली त्या दिवशी सकाळी मी ती उघडली. का, ते सांगता येत नाही. दिसायला लागलं, म्हणून असेल.

खणातला तक्ता अजून होता, पिवळा पडलेला. तो घेऊन मी राहिलेल्या आकड्यांच्या जागी मात्रा बसवत गेलो, आणि गेलेल्या अक्षरांसाठी शब्दाच्या जागी रेघ. चार शब्द. दुसऱ्यावर मात्रा, शेवटच्याला काना. पुढच्या ओळीत चार शब्द. तेच. मग पाच. दर पाचव्या ओळीला एकच आकृती परत येत होती. ते पालुपद असणार. आठ दिवस मी हेच केलं. धवले गेले होते, पण त्यांची मापं राहिली होती. कुणाला ते तोंडपाठ असतील, तर ते बरोबर की चूक, हे या मापांवरून कळलं असतं.

धवलारणीची लेक पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते, असं कळलं. मी कागद पिशवीत घातले आणि पेणहून जोह्याची बस धरली.

कारखान्यात फळ्यांवर रांगेने मूर्ती होत्या. अंग रंगवून झालेलं, डोळ्यांच्या जागा पांढऱ्या. पाच-सहा बायका काम करत होत्या. ती साठीची असेल, चष्मा दोऱ्याने बांधलेला. डोळा काढत होती, म्हणून कुणी बोलत नव्हतं. मीही उभा राहिलो. बुबुळ पुरं झालं, तेव्हा तिने श्वास सोडला.

"मूर्ती बघाला आयलाव का, दादा? ते लायनीला हात नका लावू, ओली हाय."

"मूर्ती नको. तुमच्या आईच्या धवल्यांसाठी आलोय."

ब्रश डबीत ठेवत ती म्हणाली, "धवलं कंचं आता. ते पेनच्या गुरुजीनं बुरवलं."

"गुरुजींनी नाही. मी बुडवले."

मी सगळं सांगितलं. फ्लॉपी, बुरशी, खोटं. कॉम्प्युटरचं फार सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की जे मला ओळखता आलं नाही ते मी फेकून दिलं आणि न बघता ओळी मोजल्या. बायका हात थांबवून ऐकत होत्या.

त्यांतली एक म्हणाली, "आयका गो! लोकांचं चोर पकरावं लागतान, ह्यो बस पकरून आयलाय."

दोघी-तिघी हसल्या. ती हसली नाही.

"माजी आयस मरंपरत त्या मानसाला शिव्या देत व्हती," ती म्हणाली. "एकदा तो दारात आयला. भर उन्हात. आयशीनं त्याला पानी पन नाय इचारलं. मी घरातच व्हती. तांब्या माजे हातात व्हता. आयस बोलली, ठेव तो. मी ठेवला."

तिने डबीतला ब्रश फडक्याला पुसला.

"आनि आता कया सांगताव मना? आयस गेली, गुरुजी गेला. मोकलं व्हाला आयलाव?"

"हो," मी म्हणालो. "आणि हे द्यायला." मी कागद काढले. रेघा आणि मात्रा. ओळीत किती शब्द, कुठे काना, ते दाखवलं. तिला वाचायला थोडंच येत होतं, पण बोटाने शब्द मोजत ती खाली गेली, आणि दर पाचव्या ओळीशी तिचं बोट थांबू लागलं. ओठ हलले. मग तिने कागद एकदम परत दिला.

"मना पुरता येत नाय. आयस पुरं बोलायची, मी मागशी ओढायची. वलीचं शेपूट तवरं माजं."

"ओळींची शेपटं तर शेपटं. सांगा ना."

"हितं? कारखान्यात?" ती पहिल्यांदाच हसली, पण ते हसू मला नको होतं. "लगीन नसताना धवला नाय बोलत, दादा. गुरुजीला ठावं व्हतं, तुमाला नाय. आनि आदी मना कया सांगताव? गुरुजीन जित्ती हाय ना, त्याची बायको? तिला सांगितलंव?"

"नाही."

"मंग जा. वैशाखात माजे भाचीचं लगीन हाय. तिला घेऊन या. ती आयली तर मी बोलीन. नायतर ते कागद खारीत सोरा."

ती पुढच्या मूर्तीकडे वळली. बायका गप्प झाल्या. डोळ्याची वेळ होती.

जोह्याहून पेण जवळ आहे. मला तिथे पोचायला तीन महिने लागले. दोनदा बस स्टँडवरून परत फिरलो. एकदा वहिनींच्या फाटकापर्यंत गेलो आणि शेजाऱ्याला भलत्याच कुणाचा पत्ता विचारला. खरं सांगायचं म्हणून लिहायला बसलोय, तर हेही लिहायला हवं.

वहिनी ओटीवर शेंगा सोलत होत्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि न थांबता सगळं सांगून टाकलं, लग्नाच्या बोलावण्यासकट. त्या शेंगा सोलत राहिल्या. माझं संपलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे बुरशी नव्हतीच?"

"नव्हती."

"भिंतीला ओल होती ती?"

"ती असेल. तिचा काही संबंध नव्हता."

त्या उठून आत गेल्या. आतल्या खोलीतलं कपाट मला ओटीवरून दिसत होतं. दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. खटका वाजला आणि फट काळी झाली. बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले होते, दिवा मालवू नकोस. मी वीज गेली तर मेणबत्ती ठेवायची हो, त्या रिकाम्या कपाटात." मग माझ्या खुर्चीकडे बोट करून, "तुम्ही दहाव्याला आला होतात. या इथेच बसला होतात."

"हो."

"लग्न कधी म्हणालात?"

लग्नाला मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. वाटेत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. हळदीचा दिवस होता, ऊन चढलेलं. मांडवात बेंजो चालू होता. धवलारणीच्या लेकीने आम्हाला लांबून पाहिलं आणि बेंजोवाल्यांना म्हणाली, "जा रं, च्या पिऊन या. कान किटलं." मग घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. वहिनींच्या समोर उभी राहिली. आपण कोण, हे तिने सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही.

"पानी घ्या, गुरुजीन."

वहिनींनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि पुरा प्यायल्या. मी बाजूला होतो. मला तिने विचारलं नाही, आणि ते ठीक होतं.

मी मेढीला टेकून मागे बसलो. मांडीवर कागद, हातात शिसपेन्सिल. हळदीचं ताट आलं, बायका गोल बसल्या, आणि तिने आवाज लावला. पहिल्या ओळीचं तोंड तिला आलं नाही. ती नुसती हुंकारली आणि शेपटाला शब्द घेतले. दोन शब्द. मी कागदावर पाहिलं. चारातले शेवटचे दोन, शेवटच्याला काना. बसले. दुसऱ्या ओळीत तिने तीन शब्द म्हटले, कागदावर त्यांतल्या पहिल्याच्या जागी मात्रा होती, तिच्या शब्दाला नव्हती. मी मान हलवली. तिने चष्म्यावरून माझ्याकडे रागाने पाहिलं, डोळे मिटून पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला दोनच आले.

त्या दिवशी हळदीच्या धवल्यातल्या अकरा ओळींची शेपटं मिळाली. तोंडं एकाही ओळीची नाहीत. मी म्हणालो, अर्थावरून काही ठिकाणी जुळवून घेता येईल. ती म्हणाली, "आयशीचं नाय ते घालू नका. रिकामं ऱ्हाऊ द्या. पुरले लगनाला या." पुढचं लग्न तिच्या चुलतभावाच्या घरी, मार्गशीर्षात आहे.

नवी फाइल मी घरी टाइप केली. जिथे शब्द नाही तिथे रेघ आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, ही फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, म्हणजे पुढच्या कुणाला अंदाज करावा लागू नये. दुसऱ्या ओळीत, धवलारीण कोण आणि उतरवून घेणारे गुरुजी कोण. तिसऱ्या ओळीत, हे कुणी घालवलं. ही तिसरी ओळ वहिनींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बुरशीचंही लिहा." ते लिहिलं.